गरम खोली

मुली चढल्या तेव्हा बुरुलला आधी वास आला. क्लोरीनचा, आणि त्यात मिसळलेला ओल्या लोकरीचा. ट्रॉलीबसचं दार उघडलं, कोळशाच्या धुराने पिवळट झालेली बिश्केकची संध्याकाळ थोडीशी आत शिरली, आणि तिच्यासोबत पाठीवर पिशव्या लावलेल्या या दोघी. बारा-तेरा वर्षांच्या असतील. टोपीबाहेर राहिलेल्या केसांच्या बटा थंडीने काड्यांसारख्या कडक झालेल्या. त्या बुरुलच्या पुढच्या सीटवर बसल्या आणि खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया सोलून खाऊ लागल्या. बुरुल दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत बसून ‘आता हे अक्षर? आणि हे?’ असं इतक्यांदा विचारायची, की संध्याकाळी तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा. आताही ती खिडकीला कपाळ टेकून बसली होती. काचेच्या थरथरण्याने दात हलकेच वाजत होते. बाहेरची दुकानं, नान-रोट्यांचे ढीग मांडून बसलेल्या बायका, धुरामागे कुठेतरी असतील ते डोंगर, सगळं मागे वाहून जात होतं, आणि तिला त्यातलं काहीच धरून ठेवायचं नव्हतं.

“उद्या परत गरम खोलीत जायचंय तुला?” एका मुलीने विचारलं.

“हो ना. खांद्यासाठी.”

“पण तुझा खांदा कुठे दुखतोय?”

“डॉक्टर म्हणतात, दुखतोय.”

पहिली हसली. दुसरी हसली नाही. तिने बियांची टरफलं मुठीत घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहिलं. काचेत तिचा चेहरा बुरुलच्या चेहऱ्याशेजारी येऊन थांबला.

बुरुलचा थांबा आला आणि गेला. उठायला हवं हे तिला कळत होतं, पण पायांना ते कळत नव्हतं. मुली कधीतरी उतरल्या. मग आणखी माणसं उतरली. एक बाई कोंबड्यांचं खोकं घेऊन चढली आणि तीही उतरली. बुरुल मात्र पाण्याखाली असल्यासारखी बसून राहिली. पाण्याखाली आवाज येतात, पण ते कुठून येतात ते समजत नाही. लहानपणी तिला तेच फार आवडायचं. तळाशी जाऊन डोळे उघडायचे, वर लख्ख दिव्यांच्या हलत्या पट्ट्या, आणि पोहायला शिकवणाऱ्या रिम्माबाईंची शिट्टी लांबच्या गावात वाजल्यासारखी. तेव्हा देश नवा होता आणि सगळीकडे थंडी होती. दिवे जायचे. शाळेत मुलं कोट घालून बसायची. क्रीडाशाळेच्या तलावाचं पाणी जेमतेम कोमट, आणि बाहेर आलं की दात वाजायचे ते घरी पोचेपर्यंत. त्या अख्ख्या इमारतीत एकच जागा उबदार होती. बॉयलरला लागून असलेली, भिंतीवरून जाड नळ गेलेली डॉक्टरांची मालिशची खोली. कुणाला गरम खोलीत बोलावलं की बाकीच्या मुली हेवा करायच्या. बुरुलनेही केला होता. आपला खांदा दुखावा म्हणून ती महिनाभर वाट बघत होती.

त्या खोलीत काय झालं ते तिला चित्र म्हणून आठवत नसे. आठवायचा तो नळांचा गुरगुराट, कापराच्या मलमाचा वास, आणि छतावरचा ओलाव्याचा डाग. खांद्यावरचा हात खांद्यावर राहिला नाही. तेव्हा तिने त्या डागाकडे पाहायला सुरुवात केली. डागाला किनारा होता, एक खाडी होती, मध्ये बेट होतं. ती त्यात उतरली आणि पोहत पोहत फार लांब गेली. डॉक्टर त्या वेळी त्यांच्या गावच्या जर्दाळूंबद्दल बोलत होते. संथ आवाजात, न थांबता. नंतर किती वर्षं कुणी जर्दाळू पुढे केला, की तिच्या हातापायांतली शक्ती जायची. नवरा होता तेव्हा त्याला हे विचित्र वाटायचं. त्याला बरंच काही विचित्र वाटायचं आणि शेवटी तो गेला. त्याच्या जाण्याचंही बुरुलला फार काही वाटलं नाही, वर कुणीतरी शिट्टी वाजवावी तसं झालं.

पण ती गप्प बसली नव्हती, हे तिला आज त्या हलत्या काचेशी बसून पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावंसं वाटलं. तिने सांगितलं होतं. आधी रिम्माबाईंना, तलावाच्या काठावर, टोपी हातात घेऊन. रिम्माबाईंनी शिट्टी तोंडातून काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “टोपी घाल. पाण्यात उतर.” मग तिने आपाला, आपल्या आईला, सांगितलं. आपा शिवणयंत्रावर बसली होती. तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. दुसऱ्या दिवशी क्रीडाशाळेत गेली, आणि काही दिवसांनी चौकशी समिती बसली. मोठ्या टेबलामागे संचालक मामितोव, शेजारी दोन अनोळखी माणसं, आणि बाजूच्या खुर्चीत खुद्द डॉक्टर, पायावर पाय टाकून. “सांग,” मामितोव म्हणाला. तिने सांगितलं. “नीट सांग.” तिने पुन्हा सांगितलं. “नक्की कुठे? दाखव.” तिसऱ्या खेपेला तिचा आवाज निघेना. मग सगळे एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसले. मुलीला उपचार कळला नाही, असं ठरलं. डॉक्टरांची बदली झाली. सरोवराकाठच्या उन्हाळी तळावर, जिथे देशभरातली मुलं सरावाला यायची. आणि बुरुलचं नाव संघातून गेलं. कारण काय, तर खांदा कमजोर.

घरी आपा त्याबद्दल पुन्हा एक शब्द बोलली नाही. पोहण्याची पिशवी कपाटावर गेली. त्या अबोल्याचा अर्थ बुरुलने तेव्हाच लावून टाकला होता. आपाचा विश्वास नाही बसला. किंवा बसला, पण लाज वाटली. दोन्हींपैकी कुठलं, हे ठरवण्यात तिची वीस वर्षं गेली. दोघी एकाच स्वयंपाकघरात बसून दुधाचा चहा प्यायच्या, एकमेकींच्या कपात सायीचा तुकडा सरकवायच्या, आणि मध्ये ते असायचं, टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसल्यासारखं.

“एजे, अहो एजे! शेवटचा थांबा. झोपलात की काय?” ड्रायव्हरने आरशातून हाक मारली.

बुरुल उतरली. रस्त्यावर कुणी नव्हतं. बर्फावर राखेची पुटं चढली होती. डॉक्टर परत आलेत, हे वाक्य तिने धुरात मोठ्याने म्हणून पाहिलं. कधी आले, कुणी आणलं, कुणाला काही वाटलं नाही का? बहुतेक फार पूर्वीच आले असतील. शहराला ते ठाऊक होतं, तिलाच नव्हतं. इतकी वर्षं ती त्या रस्त्याने गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून दुपारनंतरची सुट्टी घेतली आणि क्रीडाशाळेत गेली. इमारतीला नवा निळा रंग लावला होता. आत वास तोच. रिम्माबाई आता शाळेच्या मुख्य झाल्या होत्या. केस लालसर रंगवलेले, घोटे सुजलेले. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“बुरुल? आमची मासोळी? अगं, किती वाळलीस! बस, चहा टाकते.”

“चहा नको, बाई. डॉक्टर इथेच आहेत?”

रिम्माबाईंनी तरी किटलीचं बटण दाबलं. “आहेत ना. गेल्या वर्षी पदक दिलं त्यांना. मोठा समारंभ झाला.”

“मुली जातात त्या खोलीत?”

“उपचाराला जातात. बुरुल, ते तेव्हाच मिटलं होतं. समिती बसली होती.”

“मी होते तिथे.”

“मग झालं तर.” त्यांनी टेबलावरचे नसलेले तुकडे हाताने झाडले. “आणि तुला खरं सांगू? या पगारात दुसरा डॉक्टर आणू कुठून? जो तो मॉस्कोला पळतोय. हा माणूस साठीचा झालाय. किती दिवस राहणार आता?”

“मी तुम्हाला सांगितलं होतं, बाई. काठावर.”

“मला नाही आठवत,” रिम्माबाई म्हणाल्या. फार लवकर म्हणाल्या. मग खोकल्या. “मी तेव्हा साधी शिकवणारी होते. मला कोण विचारत होतं?”

“आता तर तुम्हालाच विचारतात.”

किटली उकळून आपोआप बंद झाली. रिम्माबाई खिडकीकडे वळल्या. “जाताना दार लावून घे,” त्या म्हणाल्या.

बुरुलने दार लावलं नाही. ती जिना उतरून तळमजल्यावर गेली, बॉयलरच्या बाजूला. काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. पाय नेत होते, कालचेच पाय, जे उठायला तयार नव्हते. गरम खोलीसमोर लाकडी बाक होता. ती बसली. भिंतीतून ऊब येत होती आणि तिला भयंकर झोप यायला लागली. लहान मुलाला ताप चढताना येते तशी. नळ गुरगुरत होते. तिच्या डोळ्यांपुढे ते बेट, ती खाडी तरंगायला लागली. आता पाण्यात उतरावं, लांब जावं, इथून कुणी आपल्याला ओळखणार नाही इतकं लांब, असं वाटत असतानाच जिन्यावर चपलांचा ओला फटफट आवाज आला. कालची मुलगी होती. खांद्यावर टॉवेल, ओठ निळे. ती बुरुलकडे न बघता दारापाशी थांबली. दार आतून उघडलं.

डॉक्टर म्हातारे झाले होते. बुरुलला याचं नवल वाटलं. स्वप्नात ते कधी म्हातारे होत नसत. पांढरा कोट, मऊ, स्वच्छ हात.

“ये, सेझिम,” ते म्हणाले.

बुरुल उठली. “मीपण येते आत.”

“आपण कोण?” त्यांनी खरंच ओळखलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता सौजन्याचा प्रश्न होता. ज्या माणसाने तिच्या अर्ध्या आयुष्याला आकार दिला, त्याला तिचा चेहरासुद्धा ठेवावासा वाटला नव्हता. का कोण जाणे, त्या क्षणी तिची झोप उडाली.

“हिची एजे,” ती म्हणाली.

मुलीने वर पाहिलं. या शहरात नुसत्या थोरल्या बहिणीला नाही, कुठल्याही मोठ्या बाईला एजे म्हणतात, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण ती काय बोलेल याची बुरुलला खात्री नव्हती. सेझिमने टॉवेल गळ्याशी ओढून घेतला.

“हो,” ती म्हणाली. “माझी एजे आहे.”

डॉक्टर हसले. “आज जरा गडबड आहे. उद्या या.”

“उद्यापण मी येईन,” बुरुल म्हणाली. “परवापण.”

दार मिटलं. दोघी बॉयलरच्या उबेत उभ्या राहिल्या. सेझिम थरथरत होती. बुरुलने आपली शाल तिच्या डोक्याला गुंडाळली. तिला काही विचारलं नाही. विचारणाऱ्यांचं काय होतं ते तिला माहीत होतं.

सेझिमची आई मॉस्कोत हॉटेलं साफ करायची. मुलगी शहराच्या कडेच्या नव्या वस्तीत आजोबांजवळ राहायची. बुरुल तिला तिथे पोचवायला गेली. ओरोझ आजोबा जन्मभर घाटातून ट्रक चालवलेले, रुंद हाडाचे, एका कानाने कमी ऐकू येणारे. त्यांनी बुरुलपुढे नान मोडून ठेवला, चहा ओतला. बुरुल बोलत गेली. स्वतःबद्दल बोलली, मुलीबद्दल नाही. इतक्या वर्षांनी शब्द आले ते सरळ आणि थोडे आले. आजोबांनी चांगला कान पुढे केला होता. ती थांबली तेव्हा त्यांनी हातातली चहाची वाटी खाली ठेवली.

“त्या माणसाला मी घरचं लोणी नेऊन दिलं होतं,” ते म्हणाले. “आमच्या पोरीची काळजी घेतो म्हणून.”

मग त्यांनी नातीकडे वळून पाहिलं. “खरंय, बाळा?”

सेझिम नानाचे कण बोटाने गोळा करत राहिली. आजोबांनी पुन्हा विचारलं नाही. बुरुलला हे दिसलं, की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ती बूट घालायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आजोबा क्रीडाशाळेत आले ते ट्रकच्या अवजारांची पेटी घेऊनच. गरम खोली रिकामी होती. ते गुडघ्यावर बसले आणि दाराच्या बिजागरीचे स्क्रू काढायला लागले. बातमी वर गेली, रिम्माबाई धापा टाकत खाली आल्या.

“अहो बाइके, अहो दादा, करताय काय? सरकारी दार आहे ते!”

“सरकारी आहे म्हणून नुसतं काढतोय,” आजोबा मान वर न करता म्हणाले. “माझं असतं तर जाळलं असतं.”

मुलींना न्यायला आलेल्या आया जिन्यावर जमल्या. एकीने विचारलं, काय झालं. बुरुलने सांगितलं. दुसरी म्हणाली, “उगाच कुणावर काय आळ घेता?” तिसरीने आपल्या मुलीचा हात पकडला आणि मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. आजोबांनी दार भिंतीला टेकवून ठेवलं. कुणीतरी फोनवर ते टिपलं, आणि रात्रीपर्यंत भिंतीला टेकलेलं ते दार अख्ख्या शहराने पाहिलं.

म्हणून पुन्हा समिती बसली. समिती नेमली पोहण्याच्या संघटनेने, आणि संघटनेचा अध्यक्ष आता मामितोव होता. बुरुलला हे त्या सकाळीच कळलं. आपाला तिने फक्त एवढंच सांगितलं होतं, की आज क्रीडाशाळेत काम आहे. पण ती निघाली तेव्हा आपा दारात बूट घालून उभी. “चल,” एवढंच म्हणाली. बर्फावरून दोघी हळूहळू गेल्या. आपाचे गुडघे दुखायचे. वाटेत बुरुलला पुन्हा ते पाण्याखालचं वाटायला लागलं. सगळे आवाज लांबून येत होते, गाड्या, कावळे, आपाचा श्वास. सभागृहात मोठं टेबल तसंच. मागे काचेच्या कपाटात चषक. मामितोवचं पोट सुटलं होतं, केस गेले होते, आणि आवाज मात्र जुन्या खोलीत ठेवलेल्या फर्निचरसारखा जसाच्या तसा होता.

“बुरुल, बस,” तो आपुलकीने म्हणाला. “आम्ही सगळं ऐकून घेणार आहोत. पण मला आधी एक सांग. इतकी वर्षं गेली. तू शिकलीसवरलीस, नोकरी करतेस. तेव्हाच का नाही बोललीस?”

खोलीतली माणसं मान हलवू लागली. प्रश्न रास्त होता. बुरुलला वाटलं, आपण खरंच बोललो नव्हतो की काय? तो काठ, ती टोपी, ते टेबल, हे सगळं त्या डागातल्या बेटासारखं आपणच रचलं असेल. इतके लोक एकाच बाजूला मान हलवत असतील तर पाणीही त्याच बाजूला वाहू लागतं. तिने टेबलाची कड पकडली. लाकूड थंड होतं.

“बोलले होते,” ती म्हणाली. “तुम्हीच बसला होतात. तुम्ही मला तीनदा सांगायला लावलंत.”

“असं काही माझ्या लक्षात नाही,” मामितोव म्हणाला. “लहानपणी मुलं खूप कल्पना…”

“मामितोव,” मागून आवाज आला. आपा खुर्चीची पाठ धरून उभी राहत होती. “केस गेले तुझे, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला.”

कुणीतरी हसलं.

“तू मला चहा दिला होतास. साखर स्वतः ढवळलीस. म्हणालास, आपा, पोरीचं लग्न व्हायचंय, कशाला बोभाटा करता. त्या दिवशी मी चहा प्यायले, त्याचं मला वाईट वाटतं. मग मी तुझ्या वरच्या साहेबाकडे गेले. त्याने मला तुझ्याकडे पाठवलं. मग मंत्रालयात गेले, तिथे म्हणाले, डॉक्टर आता इथे नाहीच, तक्रार कसली? मी म्हटलं, जिथे आहे तिथेही मुलंच आहेत. मग सरकारी वकिलाकडे. बाकावर बसवून ठेवलं, संध्याकाळी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. तो अख्खा हिवाळा मी रात्री जागून शिवण उरकत होते आणि दिवसा तुमच्या दारांत उभी राहत होते. आणि तू विचारतोस, बोलली का नाहीस? ही बोलली. मी बोलले. तुमचे कान कुठे गेले होते?”

बुरुल आपाकडे बघत होती. यातलं काही तिला माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात आपा शाळेतून घरी येणाऱ्या तिच्यासाठी शेगडीवर बटाटे ठेवायची आणि कुठेतरी बाहेर असायची. कुठे, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“बाई, तुम्ही बसून घ्या, तब्येत…” मामितोव म्हणाला.

“मलाही सांगितलं होतं तिने.” हे रिम्माबाई म्हणाल्या. टेबलाच्या टोकाशी बसल्या होत्या. मान खाली होती, आवाज इतका बारीक होता, की शेजारच्या माणसाने “काय?” म्हणून विचारलं. “काठावर,” त्या म्हणाल्या. “टोपी हातात होती तिच्या. मी म्हटलं, पाण्यात उतर.”

त्या दिवशी समितीने काहीच ठरवलं नाही. नेहमीप्रमाणे कागद पुढच्या तारखेला गेले. डॉक्टर आजारपणाच्या रजेवर गेले, आणि त्यांना फुलं पाठवणारेही निघाले. पण त्याच आठवड्यात दुकानात एक बाई डोळे तपासायला आली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसली आणि अक्षरं वाचायच्या ऐवजी म्हणाली, “मी सरोवराकाठच्या उन्हाळी तळावर होते.” मग आणखी आल्या. काही बोलल्या, काही नुसत्या बसून गेल्या. त्यातल्या पाचजणींनी पोलिसांत जबाब दिला. ओरोझ आजोबांनी सेझिमच्या आईला मॉस्कोहून बोलावून घेतलं आणि ती मुलीसोबत पोलिसांत गेली. वसंत लागता लागता डॉक्टरांना अटक झाली. खटला अजून चालू आहे, लांबतोय. मामितोवला कुणी काढलं नाही. त्याला सल्लागार केलं. रिम्माबाईंनी नोकरी सोडली. सेझिमने महिनाभर पाण्याला पाय लावला नाही, मग एक दिवस आजोबांना म्हणाली, मला न्या. ते काठावर बूट हातात घेऊन तिचं पोहून होईपर्यंत उभे राहिले.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडल्यावर आपा म्हणाली, “भूक लागलीय.” कोपऱ्यावर तंदूरमधून मांस भरलेले सामसे निघत होते. दोघी पायऱ्यांवर कागद टाकून बसल्या. आपाने घाईने घास घेतला, तोंड भाजलं, तरी ती चावत राहिली. चरबीचा ओघळ तिच्या हनुवटीवर आला, तो बुरुलने रुमालाने टिपला. धूर जरा पांगला होता. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानासमोरचा बर्फ खरवडत होता.

“आपा, मला का नाही सांगितलंस? की तू जात होतीस.”

आपाने सामशातली कांद्याची पात बाजूला काढली. बराच वेळ काढत होती.

“तू रात्रीची ओरडत उठायचीस तेव्हा,” ती म्हणाली. “महिने झाले होते. मग एका रात्री तू झोपलीस. दुसऱ्या रात्रीही झोपलीस. मी सकाळी तुझ्या उशाशी बसून बघत होते. म्हटलं, आता जर हिला सांगितलं की ते अजून चालूच आहे, मी अजून जातेच आहे आणि कुणी ऐकत नाहीये, तर ही परत उठेल. मला वाटलं, जिंकले की सांगू.”

बुरुलच्या हातातला सामसा निवत होता. तिने तो मधोमध मोडला आणि जास्त मांस असलेला अर्धा भाग आपाच्या कागदावर ठेवला. आपाने तो उचलून परत तिच्या कागदावर ठेवला. दोघी थोडा वेळ त्यावरून भांडत राहिल्या.